‘वखर’चा तिसरा

अमरावती
५ जानेवारी २०२५

ती. दुर्गाकाकूंस,
सा. न.

पाकिटावरचं अक्षर ओळखीचं नसेल. मी अवनी. शिवमबरोबर एकदा तुमच्याकडे हुरड्याला आले होते, ती. तुम्ही मला जाताना जवसाची चटणी बांधून दिली होती आणि माझी बोटं हातात घेऊन विचारलं होतं, “इतक्या जाड तारा वाजवतं, मंग दुखत नाही काय व?”

फोन करता आला असता तर केला असता. पण शिवमने माझा नंबर ब्लॉक करून ठेवला आहे, आणि तुमचा माझ्याकडे कधी नव्हताच. निंबखेडचा पत्ता मात्र तोंडपाठ आहे. कॉलेजात असताना त्याला तुमचे खाऊचे डबे यायचे, त्यावर सूर्यभानकाका मोठ्या अक्षरात पत्ता लिहायचे. ते डबे तो, कुंदन आणि मी मिळून फस्त करायचो.

लिहिण्याचं कारण असं की, रविवारी १६ फेब्रुवारीला संध्याकाळी पाच वाजता इथे अमरावतीत ‘वखर’चा कार्यक्रम आहे. कोणाच्या गॅदरिंगमध्ये मध्येच घुसवलेला नाही, आमचा स्वतःचा, पूर्ण दोन तासांचा. कुंदन की-बोर्डवर, मी बेस गिटारवर. आमच्या तिघांच्या बँडचं हे नाव शिवमनेच ठेवलेलं. कुंदन तेव्हा कुरकुरला होता, की जॅझ वाजवणाऱ्यांचं नाव कुठे शेतातल्या वखराचं असतं का. शिवम म्हणाला, “वरून काही दिसत नाही, पण खालून सगळी माती हलते. आपलं काम तेच आहे.”

तुम्ही, काका आणि शिवम, सगळ्यांनी यावं असं फार वाटतं. त्याच्या लग्नालाही आता वर्ष होऊन गेलं असेल. मोर्शीची मुलगी आहे, असं त्याने सांगितलं होतं. तिलाही जरूर आणा. मी त्याला काही विचारणार नाही. सोयाबीन काढायला म्हणून गावी गेलेला मुलगा परत आलाच नाही आणि एका फोनवर सगळं संपवून मोकळा झाला, त्याचं उत्तर मागण्याचे दिवस गेले. एवढंच वाटतं, की जे त्याने सुरू केलं ते लोकांसमोर वाजत असताना तो त्या सभागृहात कुठेतरी बसलेला असावा.

काकांना नमस्कार.

तुमची,
अवनी


निंबखेड, जि. अकोला
१४ जानेवारी

अवनीस,

तुह्यं पत्र भेटलं. दोनदा वाचलं. कोणाचं लग्न झालं? कोण मोर्शीची पोरगी? माह्या घरात मी एकटीच बाईमाणूस हावो अन् चुलीपाशी मीच बसतो. सून कुठून आणू?

मी सातवीपावतर शिकली हावो, लिहिण्यात चुकलं तं समजून घेजो. पण इतकं मले समजते का जे तोंडावर बोलता येत नाही ते माणूस गोड करून लिहिते. तुले टोमणा मारायचा होता तं सरळ माराचा होता.

पोरी, तू माह्या घरी येऊन जेवली. मी तुह्याइषयी काय काय मनात धरून बसली होती ते तुले काय सांगू. अन् माह्या पोराचा हात मशीनमध्ये गेला, त्या दिवसापासून तुह्यं तोंड दिसलं नाही. अकोल्याच्या दवाखान्यात तो पडून होता, मी रोज दाराकडं पाहो. म्हणो, आज येईन, उद्या येईन. तो म्हणे, “माय, ती नाही येत. मी ढोल वाजवू शकत नाही, तिले आता काय काम माह्याशी? सोडून गेली ती.” ते आयकून मी तुह्यं नाव घेणं बंद केलं.

उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली त्याची. अंगठा अन् करंगळी राह्यली. सोयाबीनच्या मशीनचा पट्टा सरकला होता, तो बसवाले गेला. माणसं होती बाजूले, पण त्याले सगळं आपल्या हातानंच कराची सवय.

आता कार्यक्रमाले ये म्हणतं. त्यानं तिथं येऊन काय कराचं? टाळ्या वाजवाच्या? त्याले टाळी वाजवता येत नाही.

— दुर्गाबाई


अमरावती
१९ जानेवारी

ती. दुर्गाकाकू,

मला माहीत नव्हतं.

तुमचं पत्र काल दुपारी आलं. मी क्लासवर निघाले होते, जिन्यातच उघडलं आणि तिथेच बसले. मुलं तिकडे वाट पाहत होती. शेवटी शेजारच्या काकूंनी क्लासवर फोन करून सांगितलं, की आज गणिताचा तास नाही.

काकू, मी तुमच्या पायाशी बसून सांगितलं असतं तसं सांगते. त्या ऑक्टोबरमध्ये तो गावी गेला तेव्हा आठवड्याने येतो म्हणाला होता. मग बरेच दिवस फोन लागेना. मला वाटलं, वावरात रेंज नसेल. आणि एक दिवस त्याचाच फोन आला. आवाज अगदी नेहमीसारखा. म्हणाला, “अवनी, घरच्यांनी लग्न ठरवलं. मोर्शीची आहे. मी हो म्हटलं. तुम्ही दुसरा ड्रमर पाहून घ्या.” मी म्हटलं, थट्टा करू नकोस. तो म्हणाला, “थट्टा नाही,” आणि फोन ठेवला. कुंदनने दुसऱ्या नंबरवरून लावून पाहिला. त्यालाही तेच.

मी निंबखेडला निघून यायला हवं होतं. बसने जेमतेम तीन तासांची वाट. पण ज्याचं लग्न ठरलंय त्याच्या दारात मी कोण म्हणून उभी राहणार होते? तुम्हाला, काकांना खाली बघायला लागलं असतं, असं मनाला समजावत राहिले. तुम्ही दवाखान्याच्या दाराकडे पाहत होतात, आणि मी इथे बसून त्या न पाहिलेल्या मोर्शीच्या मुलीचा चेहरा डोळ्यांसमोर आणत होते. कशी असेल, हसत असेल का, त्याला कांद्याचा वास सहन होत नाही हे तिला कोणी सांगितलं असेल का.

म्हणजे त्याने तुम्हाला एक सांगितलं आणि मला दुसरं. दोन्ही बाजूंनी दार लावून घेतलं आणि आत एकटा बसला.

मला यायचं आहे. तुम्ही हो म्हणाल त्या दिवशी. कार्यक्रम पुढे ढकलायला मी कुंदनला सांगते आहे. आता कसला कार्यक्रम!

अवनी


निंबखेड
२७ जानेवारी

चि. अवनी,
आशीर्वाद.

पहिले तं हे सांगतो का मागच्या पत्रात मी जे बोलली ते मनातून काढून टाक. मले जे सांगतलं गेलं ते मी खरं धरलं.

पुढचं पत्र बेबीताईच्या नावानं टाकजो. आमच्या अंगणवाडीची बाई हाय, पोटात गोठ ठेवते. हे पत्र वाटेत शिवमच्या हाती लागता लागता राह्यलं.

तुह्यं पत्र वाचलं अन् मले राहवलं नाही. तो गोठ्यात ढोराईपुढं कुटार टाकून राह्यला होता. मी गेली अन् इचारलं, “त्या पोरीले तू काय सांगतलं होतं रे?” तो कुटार टाकतच राह्यला. मी म्हटलं, “मोर्शीची सून कुठं लपवून ठेवली? दाखव तं खरं.” तवा त्यानं टोपलं खाली ठेवलं.

मंग म्हणे, “माय, तिले खरं सांगतलं असतं तं ती आली असती. आली असती अन् राह्यली असती. तिनं वाजवणं सोडलं असतं माह्यासाठी. नाही सोडलं तं मले समोर बसवून दुसऱ्यासंग वाजवलं असतं. मले यातलं एकही पाहता आलं नसतं.”

“म्हणून तिले खोटं सांगतलं?”

“रागात माणूस लवकर बरं होते, माय.”

तुह्ये काका मागं येऊन उभे होते, मले माहीत नव्हतं. ते तसे बोलत नाही कोणाले. ते म्हणाले, “मंग तू काऊन बरा नाही झाला?” अन् निंघून गेले.

तू आता येऊ नको. येशीन तं तो मागच्या दारानं वावरात जाईन अन् तू गेल्याबिगर घरात पाय ठेवणार नाही, मी त्याले वळखतो. कामाले तो आजही कोणाले हारत नाही. ट्रॅक्टर चालवते, डाव्या हातानं जेवते, लिहिते बी. पण घरात गाणं लागू देत नाही. ट्रॅक्टरवरचा टेप त्यानं काढून फेकला. गावात लग्नाचा बँड आला का तो विहिरीकडं निंघून जाते. मी सांगतो, हात गेला त्या दिवशी तो रडला नाही. बँड आयकून रडते.

कार्यक्रम मोडू नको. त्यानं नाव ठेवलं म्हणतं ना, मंग ते नाव पडू देऊ नको.

एक इचारतो. त्याच्या जागेवर आता कोण बसते?

तुही,
काकू


अमरावती
२ फेब्रुवारी

ती. काकू,

तुम्ही ‘चि.’ लिहिलंत, ते मी कितीदा पाहिलं असेल.

त्याच्या जागेवर श्याम बसतो. नागपूरचा आहे, वर्षभरापासून आमच्याबरोबर आहे. हे मी पहिल्या पत्रातच लिहायला हवं होतं, पण त्या ठिकाणी आले की पेन थांबायचं. श्याम चांगला मुलगा आहे आणि चांगला वाजवतो. तो स्वतःचे ड्रम घेऊन येतो. शिवमचे ड्रम कुंदनच्या घरी वरच्या खोलीत चादरीखाली आहेत. कोणी त्यांना हात लावत नाही.

तुम्ही कधी आमचं वाजवणं ऐकलं नाही, म्हणून थोडं सांगते. आम्ही आधीपासून बसवलेलं असं फार काही वाजवत नाही. मी एक लहानशी चाल धरते, चार-सहा सुरांची, आणि ती फिरवत राहते. पाणी ओढणाऱ्या मोटारीसारखी, एकसारखी. ड्रम त्या चालीला पाय देतात. त्यावर कुंदनला जे सुचेल ते तो वाजवतो. तो वळला की आम्ही वळतो, मी थांबले की ते सावरतात. पुढे काय होणार ते तिघांनाही माहीत नसतं. म्हणून तिघांनी सारखं एकमेकांचं ऐकत राहावं लागतं. कान जरा इकडेतिकडे गेला की सगळं विस्कटतं.

आमची सुरुवातही अशीच झाली. कॉलेजच्या गॅदरिंगला गाणाऱ्या मुलीचा घसा बसला आणि ती आलीच नाही. पडदा उघडला. समोर हजारभर पोरं शिट्ट्या मारतायत आणि स्टेजवर आम्ही तिघं, आमच्याकडे गाणंच नाही. कुंदन म्हणाला, मागच्या मागे निघू. शिवमने ठेका धरला. साधाच. पण त्यात असं काही होतं, की मला राहवेना, मी खालून दोन सूर टाकले. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि हसला. मग अर्धा तास आम्ही काय वाजवलं ते कोणाला सांगता येणार नाही. शिट्ट्या थांबल्या होत्या, एवढं आठवतं.

त्याच्याबरोबर वाजवताना मला कधी मान वळवून बघावं लागलं नाही. तो कुठे आहे ते पाठीला कळायचं. आता मी श्यामकडे सारखी बघत असते. बघितलं की बरोबर येतं. पण बघावं लागतं.

तो म्हणतो, रागात माणूस लवकर बरं होतं. मी रागावले होते, काकू, खूप रागावले होते. पण क्लासवरून येताना कोणी पोरगं गाडीच्या टाकीवर बोटं वाजवत सिग्नलला थांबलेलं दिसलं, की माझी गाडी मागच्यांनी हॉर्न वाजवेपर्यंत तिथेच राहायची. हे बरं होणं नव्हे.

कार्यक्रम ठरल्या दिवशीच होईल. तुम्ही सांगितलं म्हणून. त्याला एकदा विचाराल? माझ्या नावाने नको. तुमच्या नावाने.

अवनी


निंबखेड
१० फेब्रुवारी

चि. अवनीस आशीर्वाद.

घाईत लिहितो. हरभरा सोंगणीले आला हाय, बाया लावल्या हायेत.

इचारलं त्याले. जेवाले बसला होता तवाच इचारलं, म्हटलं उठून जाणार नाही. उठून गेला. ताट तसंच राह्यलं.

सकाळी मीच म्हटलं, “तू नको येऊ. आमी दोघं चाललो. तुह्या बापानं अन् मी तुले इंजिनेर कराले अमरावतीले धाडलं होतं, तू तिथं काय करत होता ते आमाले एकदा पाहू दे.” तर म्हणे, “जा. पण आल्यावर मले काही सांगू नको. कसं झालं, कोणानं काय वाजवलं, एक शब्द नको.”

मी म्हटलं, नाही सांगत. शब्द देल्ला.

रविवारच्या दुपारच्या बसनं येतो. आमाले पुढं बसवू नको, घाबरल्यासारखं होते.

काकू


अमरावती
१८ फेब्रुवारी

ती. काकू,

तुम्ही कुठे गेलात?

मी तुम्हाला पाहिलं होतं. मधल्या रांगेत, कडेला, हिरवं लुगडं. काकांनी टोपी मांडीवर ठेवली होती. पहिल्या तुकड्यात माझा दोनदा सूर घसरला. मग तुमच्याकडे नजर गेली. तुम्ही पदर तोंडाशी धरून बसला होतात आणि अगदी माझ्या बोटांकडे पाहत होतात. त्यानंतर मला सभागृह दिसलंच नाही.

शेवटचा तुकडा आम्ही ठरवला नव्हता. कुंदन दमून थांबला होता. मी एकटीच, कशी कोण जाणे, त्या गॅदरिंगच्या दिवशीच्या चालीवर गेले. वर्षभरात ती मी एकदाही वाजवली नव्हती. वाजवायचीच नाही असं ठरवलेलं होतं. बोटं आपल्या मनाने गेली. श्यामला ती ऐकून तरी माहीत होती, आमचं जुनं रेकॉर्डिंग त्याने ऐकलंय. त्याने लगेच ठेका उचलला. कुंदनने माझ्याकडे बघितलं आणि डोळे पुसले, मग तोही आत आला. किती वेळ चाललं माहीत नाही. लोक उभे राहिले होते. मी वाजवता वाजवता उजवीकडच्या दाराकडे पाहत होते. काकू, मला खरंच वाटत होतं, की तो दारात उभा असेल. दाराशी चहावाला होता, आणखी कोणीतरी होतं. तो नव्हता.

संपल्यावर मी गिटार तशीच खाली ठेवली आणि तुमच्या रांगेकडे धावले. दोन्ही खुर्च्या रिकाम्या. बाहेर रस्त्यावर ऑटोंच्या गर्दीत शोधलं. घरी आईने तुमच्यासाठी स्वयंपाक करून ठेवला होता.

आवडलं नाही का? श्यामला त्या जागेवर बघून वाईट वाटलं का? रागवा, पण लिहा. आता तुमच्या पत्राशिवाय त्या घरात काय चाललंय हे मला सांगणारं कोणी नाही.

अवनी


निंबखेड
२ मार्च

चि. अवनीस अनेक आशीर्वाद.

उशीर झाला. तुह्या आईले सांग, माफ करा म्हणा, ताट वाढून ठेवलं अन् आमी पाठ फिरवली. येईन एक दिवस, तुह्या घरी जेवाले.

आवडलं नाही असं नाही व. सगळं सांगतो.

आमाले वाटलं होतं गाणं होईन. तिथं कोणी तोंडच उघडे ना. थोडा वेळ झाला अन् तुह्ये काका माह्या कानाशी येऊन म्हणे, “हे सुरू कवा होते?” मी म्हटलं, “सुरू झालं असन.” समोरचा एक माणूस मागं वळून पाहू लागला. मंग आमी चूप. पेटीवाला तो कुंदन वर वर काहीतरी करे, ते मले समजलं नाही. पण तुह्यं ते खालचं, ते खुर्चीतून अंगात येऊन राह्यलं होतं. काही वेळानं मी खाली पाह्यलं तं तुह्या काकाचा पाय हालून राह्यला होता. त्याईले माहीतच नव्हतं. चाळीस वर्ष झाले लग्नाले, त्याईचा पाय असा हाललेला मी पाह्यला नव्हता.

शेवटचं तू जे वाजवलं, त्यात मले माहं पोरगं दिसलं. कसं दिसलं ते इचारू नको. तो लहानपणी धावत येऊन उंबऱ्यावर जसा एकदम थांबे, तसं काहीतरी होतं त्याच्यात. अन् लोक उठले, श्यामले टाळ्या देऊ लागले. त्या पोराचा काय दोष, घामानं भिजला होता बिचारा. पण मले वाटलं, या टाळ्या माह्या पोराच्या हायेत. इथं तो पाहिजे होता. तुह्ये काका म्हणाले, “चाल.” तुह्यापुढं रडून तुह्या आनंदाचा इचका कराचा नव्हता, म्हणून आलो निंघून.

घरी आली. शब्द देल्ला होता, काही सांगतलं नाही. तो बी इचारे ना. पण जेवताना माह्या तोंडाकडं पाहे. आठ-दहा दिवस असेच गेले.

परवाची गोठ. दुपारी मी अंगणात परात घेऊन डाळ निवडत बसली होती. मले काही भान नव्हतं. ते तुह्यं शेवटचं डोक्यात फिरून राह्यलं होतं, अन् माही बोटं परातीच्या काठावर वाजू लागली. जसं आयकलं तसं. तो पंपाची वायर घेऊन चालला होता. थांबला. मी पाह्यलं नाही त्याच्याकडं, वाजवतच राह्यली.

तो म्हणे, “चुकून राह्यली तू.”

मी म्हटलं, “मी कुठं काही सांगून राह्यली तुले?”

“तिथं ठोका नाही हाय, माय. तिसऱ्याच्या नंतर नाही.”

“हाय. मी माह्या कानानं आयकला.”

“नाही हाय!” असं म्हणून ओरडला तो. वायर टाकून देल्ली, खाली बसला अन् परात माह्याकडून ओढून घेतली. अर्धी डाळ मातीत गेली. डाव्या हातानं वाजवून दाखवलं त्यानं. मंग पाय बी वाजवू लागला जमिनीवर. मंग उजवा हात. अंगठा अन् करंगळी. पोरी, दीड वर्ष तो हात त्यानं शर्टाच्या बाहीत लपवला होता. मले सुद्धा नीट पाहू देल्ला नव्हता. तो त्यानं माह्यासमोर परातीवर ठेवला अन् वाजवला. तुह्ये काका खाटेवर पडले होते ते उठून बसले.

बरा वाजला का नाही ते मले समजत नाही. मधात मधात अडके. तो दात खाऊन पुन्हा सुरू करे. मंग एकदम थांबला अन् म्हणे, “तू खरंच आयकला काय तिथं ठोका?”

मी म्हटलं, “देवाशप्पथ.”

“म्हणजे तो भरून राह्यला,” म्हणे. कोण काय भरून राह्यला, मले काही समजलं नाही. मंग मातीतली डाळ येचता येचता त्यानं तुह्यं नाव घेतलं. “अवनी वाजवताना डोळे मिटते काय अजून?”

दीड वर्षात पहिल्यांदा घेतलं. मी म्हटलं, “नाही मिटत. सारखी त्या श्यामकडं पाहत राह्यते. अन् शेवटी दाराकडं पाहे.”

त्यानं इचारलं नाही, दाराकडं काऊन. वायर उचलली अन् गेला पंपावर.

मी तुले ये म्हणत नाही अन् येऊ नको बी म्हणत नाही. पहिले मी म्हटलं होतं का त्याले वळखतो. आता मले तसं म्हणाची हिंमत नाही. हे पत्र मी लपवून लिहिलं नाही, त्याच्यासमोरच बसून लिहिलं. त्याले म्हटलं, तुले काही लिहाचं हाय काय? नाही म्हणे. मी पाकीट घ्याले आत गेली अन् आली तं कागद त्याच्यापाशी होता. खाली त्यानं काय लिहिलं ते मी वाचलं नाही. तुह्यं हाय, तूच वाच.

तुही,
काकू

अवनी,
श्यामला सांग, तिसऱ्या ठोक्यानंतर भरू नको. तिथं मी काही वाजवत नव्हतो. तिथं मी तुला ऐकत होतो.
शिवम